डोणीतला निळा

तुम्ही एका बाईला चोर म्हणालात, आणि ते म्हणताना तुमच्या हातात खसखशीचा कोलाच, तो गोल गोड पाव, होता. अर्धा खाल्लेला. त्या दिवशीचं बाकी सगळं लोक विसरतील, तुम्ही तर विसरलाच असाल. मला मात्र तेवढंच दिसत राहतं. तोंडात घास, ओठाला खसखस चिकटलेली, आणि त्याच तोंडातून, "हे खणून आणलेलं आहे."

तुमचं नाव मी लिहीत नाही. आमच्या खोऱ्यात खडकांच्या फटींत डोंगरी फुलं वाढवणाऱ्या खडकबागवाल्यांच्या मंडळाला अध्यक्ष एकच आहे, आणि तो इतकी वर्षं खुर्चीत बसलाय की खुर्चीला त्याच्या बुडाचा आकार आलाय. ओळखणारे ओळखतील.

आमच्या मंडळात कोण चालत नाही? दारुडा चालतो. बायकोला सोडून दुसरीकडे राहणारा चालतो. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत शेजाऱ्यांच्या चुगल्या पोलिसांना पोचवणारा चालतो, त्याला तर आपण खजिनदार केलंय. चालत नाही तो फक्त खणणारा. डोंगरावरचं जंगली रोप सुरीनं उपटून आणायचं आणि आपल्या बागेत लावून मिरवायचं, याहून मोठं पाप आपल्याला माहीत नाही. एकदा एखाद्याला 'खणणारा' म्हटलं की त्याच्याशी कोणी रोपाची अदलाबदल करत नाही. मे महिन्यातल्या रविवारी आपण एकमेकांच्या फाटकातून घंटी न वाजवता आत शिरतो, बुडं वर करून दुसऱ्याच्या खडकात डोकं घालतो, कॉफीला थांबतो. खणणाऱ्यासाठी ती सगळी फाटकं बंद होतात. तो शब्द तुम्ही हेडविकाला लावलात.

हेडविका माझ्या बायकोची थोरली बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला. तिच्या आवाजानं पातेल्याचं झाकण उडतं. ती कोणाला गोड वाटावी म्हणून बोलत नाही, आणि फुलांशी लाडे लाडे बोलणाऱ्या बायकांची तर तिला शिसारी येते. "रोपाला काय कळतंय, तू त्याची मावशी लागतेस का?" असं तिनं एकदा श्रीमती पेखोव्हाला भर बागेत विचारलं होतं. तुमच्या परीक्षक मंडळात ज्या बसतात, त्याच पेखोव्हाबाई. तेव्हापासून त्यांच्या मनात काय साचलं होतं ते मी सांगायला नको.

आता निळ्याबद्दल. त्याचं लॅटिन नाव एरिट्रिकियम, पण मंडळात कोणी ते घेत नाही, नुसतं 'निळा' म्हणायचं, की सगळ्यांना कळतं. आल्प्सच्या माथ्यावर, जिथे गवतही हात टेकतं, तिथे तो खडकाच्या फटीत उशीसारखा बसतो. करडी, केसाळ, आवळलेली उशी. फुलला की उशी दिसत नाही, नुसता निळा रंग. त्या निळ्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, आणि न पाहिलेल्याला सांगून पटत नाही.

तो खाली आमच्याकडे जगत नाही. थंडीनं नाही मरत, ओलीनं मरतो, चांगल्या मातीनं मरतो, लाडानं मरतो. तुमच्यासारख्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले आणि आयुष्यभर कुजलेल्या उशा उकिरड्यावर टाकल्या.

चार वर्षांपूर्वी मंडळाच्या बियांच्या वाटपात स्वित्झर्लंडहून निळ्याचं बी आलं. तुम्हीच वाटलंत, तुमच्याच हातानं. पहिल्या पुड्या कार्यकारिणीला, हे सांगायला नकोच. एक उरली. ती हेडविकाला मिळाली, कारण त्या बैठकीत सँडविच तिनं केले होते.

तुम्ही काय केलंत? पानांचं खत चाळणीनं चाळलंत, कुंडीत भरलंत, खाली ऊब देणारी तार घातलीत, वर काच. बाळंतिणीची खोली केलीत. दिवसातून दहादा जाऊन डोकावलात. उगवलं नाही, आणि ज्या एकदोघांचं उगवलं ते मऊ पडून आडवं झालं.

हेडविकानं मला बोलावलं. "मेहुण्या, तुझ्या डुकरांच्या खोपटावरच्या जुन्या फरश्या पडल्यात ना, त्या घेऊन ये."

"कशाला?"

"तुझ्या तोंडावर मारायला. आण म्हटलं की आण."

तिच्या अंगणात दगडी डोण होती, पूर्वी डुकरांना चारा घालायची. त्या डोणीत आम्ही फरश्या उभ्या लावल्या. कपाटात पुस्तकं लावतात तशा, खेटून, कलत्या, मधे बोटही जाणार नाही एवढी फट ठेवून. पाचरी मारून त्या इतक्या घट्ट केल्या की हलेनात. फटींमधे दगडाचा चुरा आणि चिमूटभर चिकणमाती, बास. खत नाही, काही नाही. बर्फ पडत होता. तिनं ओल्या काडीच्या टोकाला एकेक बी चिकटवलं, फटीत दाबलं, हात झटकले आणि आत जाऊन बटाट्याचे गोळे उकडायला लागली. बघायलासुद्धा परत आली नाही. मीच एकदोनदा चोरून पाहिलं.

त्या वसंतात दोन पानं आली. पुढच्या वर्षी शर्टाच्या बटणाएवढी उशी. मग बिअरच्या बाटलीच्या बुचाएवढी. तिनं त्याला फक्त हिवाळ्यात वरून एक काच आडवी दिली, पाऊस लागू नये म्हणून. बाकी त्याची उपासमारच केली. "डोंगरावर याला कोण वाढतं जेवायला?" ती म्हणायची. उन्हाळ्यात माझी बायको आनेश्का कीव येऊन पाण्याची झारी घेऊन गेली, तर हेडविकानं झारी हिसकावून तिच्याच पायावर ओतली.

आणि गेल्या मे महिन्यात तो फुलला. मूठभर निळा. घट्ट. दगडाला दगड फुटल्यासारखा.

तुम्हाला हे सगळं माहीत नव्हतं असं म्हणू नका. त्या अंगणात बसून तुम्ही कॉफी प्यायलात. डोणीवर कप ठेवलात. पण बटणाएवढं करडं काहीतरी असतं तेव्हा तुमच्यासारख्यांना ते दिसत नाही.

मंडळाचं प्रदर्शन नेहमीप्रमाणे आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमधे होतं. डोण न्यायला ओल्द्रिखचा ट्रॅक्टर घेतला. ओल्द्रिख शेजारी आहे, फुलांशी त्याचा संबंध फक्त अंत्ययात्रेपुरता. दोघं मिळून डोण उचलताना माझे डोळे बाहेर आले.

"मेहुण्या, पाय वाकवून उचल. कमरेत मोडलास तर मी पुसायला येणार नाही."

"अगं, ही डोण आहे का कोणाचं थडगं?"

"पाडलीस तर तुझं."

हॉलमधे डोण टेबलावर टेकली आणि गप्पा बंद पडल्या. असं मी त्या हॉलमधे फक्त एकदा पाहिलंय, जुन्या बंबचालकाचं पार्थिव आणलं तेव्हा. लोकांनी टोप्या काढल्या. म्हातारा रिख्टर, ज्यानं साठ वर्षं खडक रचले, तो गुडघ्यावर बसला, नाक उशीला लावलं आणि उठताना दोघांना हात द्यावा लागला.  रडत होता बहुतेक, पण त्याचे डोळे एरवीही गळतात.

हेडविका भिंतीला टेकून उभी होती. चांगला ब्लाउज घातला होता. मी तिला ओळखतो, तिला त्या वेळी कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. काहीही. "बरा आलाय" एवढंसुद्धा चाललं असतं.

मग तुम्ही आलात. कोलाच खात. मागे दातांचे डॉक्टर हुर्निक आणि पेखोव्हाबाई. तुम्ही वाकलात आणि अंगठ्यानं उशी दाबलीत. सगळे परीक्षक दाबतात. कुंडीतली लाडावलेली उशी दबते, डोंगरावरची दबत नाही. ही दबली नाही. तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला, इंजिनिअरसाहेब. आनंद झाला असता तर तुम्ही माणूस होतात. तुमचा चेहरा आंबला.

"हेडविका, हे कुठून आणलंस?"

"घरून."

"तसं नाही. त्याआधी?"

"त्याआधीही घरूनच. मी जशी घरची, तसाच तोही, माझ्या अंगणातला. तुम्ही कप ठेवायचात त्याच डोणीत."

"कुंडीत वाढवलेला निळा इतका घट्ट असूच शकत नाही."

"कुंडीत वाढवलाच नाही मी."

"तेच तर मी म्हणतोय." आणि तुम्ही हुर्निककडे वळून मान हलवलीत, जणू तिनं कबूल केलं.

"अहो, पेरलाय मी! तुम्हीच दिलेल्या पुडीतलं बी."

"त्या बियांतलं आमच्यापैकी कोणाचंही जगलं नाही."

"कसं जगेल? तुम्ही त्याला घामोळं आणलंत."

मागे कोणीतरी हसलं. ते तुम्हाला झोंबलं. तोपर्यंत तुमच्या मनात संशय असेलही, मी नाही म्हणत नाही. पण त्या हसण्यानंतर तो संशय राहिला नाही, तो निकाल झाला. तुम्ही फरश्यांवर चढलेल्या करड्या खपल्यांकडे बोट केलंत. "आणि हे दगडफूल? हे काय चार वर्षांत येतं? हा दगड रोपासकट वरून आणलाय."

"तो दगड माझ्या डुकरांच्या खोपटावरचा आहे," मी म्हणालो. "आजोबांनी घातलेला. पाहिजे तर वास घ्या."

"तुम्ही नातेवाईक. तुमची साक्ष धरता येत नाही."

"तिला शिडीवर चढून पडदा लावायला चक्कर येते. ती आल्प्सवर कशी जाईल?"

"ती नसेल गेली," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे बघितलंत. "कोणीतरी आणून दिलं असेल. तुम्ही ऑस्ट्रियाला गेला होतात ना?"

गेलो होतो. बंबवाल्यांच्या बँडबरोबर, बसनं. बिअरच्या कारखान्यात नेलं आणि तिथून मी स्वतःच्या पायानं बाहेरही आलो नाही, मला उचलून आणलं. हे पाहणारे निम्मे लोक त्या हॉलमधे होते. त्यातला एकही बोलला नाही.

आणि तेव्हाच तुम्ही ते वाक्य बोललात. "हे खणून आणलेलं आहे." मग राहिलेला घास गिळलात.

आता इथे मी थांबतो आणि जे कोणी म्हणत नाही ते म्हणतो. सीमा उघडली त्या पहिल्या उन्हाळ्यात मंडळाची बस आल्प्सला गेली. आठवतंय? सगळ्यांच्या पिशवीत स्वयंपाकघरातल्या सुऱ्या होत्या. पाव ठेवायचे डबे होते, ओलं वर्तमानपत्र होतं. बस परत आली तेव्हा सामान उतरवायला मी होतो, कारण जड सामान उतरवायला कायम मीच असतो. डॉक्टर हुर्निकांच्या हत्यारांच्या पेटीतून पाणी गळत होतं. तुमच्या बागेच्या दाराशी डाव्या हाताला जो खडक आहे, लोक ज्याचे फोटो काढतात, त्यावरचं काय काय त्या बसमधून उतरलं ते मला पाठ आहे. चाळीस वर्षं कुंपणात कोंडलेली माणसं होतो आपण, हावरटासारखे सुटलो. मी त्याबद्दल तुम्हाला तेव्हा काही म्हटलं नाही आणि आताही म्हटलं नसतं. पण ज्याच्या स्वतःच्या नखांत ती माती होती, त्यानं दुसऱ्याचे हात उलटेपालटे करून बघायचे?

असो. पुढचं अधिक घाणेरडं आहे.

डॉक्टर हुर्निक समजूतदारपणाचा आव आणून म्हणाले, "भांडण कशाला? मूळ बघू या. मूळ खोटं बोलत नाही."

बरोबर आहे, नाही बोलत. खणून आणलेल्या रोपाचं मूळ सुरीनं तुटलेलं असतं आणि तुटल्या जागी दाढीसारखी बारीक मुळं फुटतात. पेरलेल्याचं मूळ अखंड, एकच, फटीतून सरळ खाली गेलेलं. एका नजरेत कळतं. फक्त ते बघायला फरशी ओढून काढावी लागते. आणि फरशी ओढली की दोन दगडांत चिकटलेलं ते मूळ फाटतं. निळा परत लावता येत नाही. हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हुर्निकना ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं. खरी असेल तर मारून दाखव, असं तुम्ही म्हणत होतात, फक्त साफ शब्दांत म्हणायची तुमची हिंमत नव्हती.

"दाखव ना," तुम्ही म्हणालात. "लपवण्यासारखं नसेल तर दाखव."

हेडविका बाहेर गेली. मला वाटलं, गेली घरी. ती ट्रॅक्टरवरची माझी पहार घेऊन परत आली. लोक मागे सरकले. तिनं पहार तुमच्यासमोर धरली.

"घ्या."

"मी? मी कशाला? हे मालकाचं काम."

"संशय कोणाचा? माझा नाही. मला माहीत आहे खाली काय आहे. ज्याला माहीत नाही त्यानं बघावं. घाला फटीत आणि ओढा. मूळ तुटकं निघालं तर मी उद्यापासून बटाटे लावीन, फूल लावणार नाही."

तुम्ही हात मागे घेतलेत. कोलाच संपला होता तरी हात कपड्याला पुसत राहिलात.

"डॉक्टर, तुम्ही या," ती हुर्निककडे वळली. "रोज लोकांची मुळासकट काढता. हे तर ओरडणारही नाही."

हुर्निक बुटांकडे बघायला लागले. कोणी हसलं नाही आता.

"पेखोव्हाबाई?"

पेखोव्हाबाईंना हुंदका फुटला. "नको, नको, बिचारं रोप! त्याचा काय दोष?"

ऐकलंत? बिचारं रोप. ते वाक्य बोलताना त्या बाईचे डोळे खरंच भरून आले होते, आणि पहार धरून समोर उभी असलेली साठीची बाई त्यांना दिसतही नव्हती.

हेडविका तशीच उभी राहिली.  पहार जड असते. शेवटी मी पुढे होऊन ती काढून घेतली.

मग तुम्ही निर्णय दिलात. काय निर्णय! रोपाला पारितोषिक नाही, शिक्षा नाही. चोरी सिद्ध नाही, चोरी झाली नाही असंही नाही. नावाची चिठ्ठी उलटी ठेवायची, डोण टेबलावरून उतरवायची, आणि हेडविका मूळ दाखवेपर्यंत तिनं मंडळाच्या कार्यक्रमांपासून दूर राहायचं. डोण आम्ही उतरवून मागे बिअरच्या पिंपांपाशी ठेवली. आणि दिवसभर काय झालं माहीत आहे? सगळा हॉल पिंपांपाशी येत होता. बिअर कोणी घेत नव्हतं. गुडघे टेकत होते, जीभ चुकचुकवत होते, फोटो काढत होते. शेजारी खुर्चीवर हेडविका बसलेली. तिच्याशी एकजण बोलला, खुर्ची थोडी सरकवता का, म्हणून. फोटोत पाय येत होते तिचे.

त्याच्या पुढच्या रविवारी ती विल्माकडे गेली. विल्मा तिची शाळेपासूनची मैत्रीण, एकाच स्वयंपाकघरात दोघींनी हात भाजून घेतलेले. विल्माचं फाटक मे महिन्यात कधी लागलेलं नसतं. त्या दिवशी कडी होती. विल्मा हात पुसत फाटकापर्यंत आली, पण कडी काढली नाही.

"आज बरं नाही गं मला, हेडा."

तिच्या पाठीमागे बागेत पाचसहा बुडं वर होती. एक बूड तर ओळखीचं होतं, हेडविकानं घरी येऊन सांगितलं, पण कोणाचं ते सांगितलं नाही.

"बरं नाही तर झोप," एवढंच ती विल्माला म्हणाली आणि परत आली. आमच्या ओट्यावर बसली. आनेश्कानं चरबी लावलेला पाव आणि कांदा पुढे ठेवला, तो तसाच राहिला.

आनेश्का चिडली. माझी बायको शांत आहे, पण चिडली की बहिणीहून कमी नाही. "फोड ती डोण! फोड आणि त्यांच्या दारात नेऊन टाक ते मूळ! एक मुठीएवढं झुडूप गं. त्याच्यापायी तू जन्मभर तोंड लपवणार?"

"मी नाही लपवत. तेच फाटकं लपवतायत."

"तेच ते! अगं, तुला रविवारी दुसरं आहे काय? नवरा गेला, पोर परगावी. तू त्या बागांमधे फिरतेस म्हणून जिवंत आहेस. उद्या काय, मेहुण्याशी पत्ते खेळणार?"

"तो लबाडी करतो पत्त्यात," हेडविका म्हणाली. पुढ्यातला पाव बाजूला सारला. मग म्हणाली, "दे पहार."

आम्ही तिघं तिच्या अंगणात गेलो. ऊन उतरत होतं. निळा अजून फुललेला होता, कडेची फुलं फिकट पडायला लागलेली. तिनं पहारेचं टोक फटीत ठेवलं, उशीपासून चार बोटांवर. आनेश्कानं तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. खरं सांगतो, मला वाटत होतं तिनं ओढावं. ते अखंड मूळ हातात घेऊन मी तुमच्या दारात आलो असतो. कपाळावर फेकून मारलं असतं.

तिनं भार टाकला. दगड करकरला. आणि ती थांबली.

"मी मूळ दाखवलं तर काय म्हणतील रे ते?"

"काय म्हणतील? माफी मागतील."

"नाही. 'अरेरे' म्हणतील. 'अरेरे, बाई खरी होती, किती वाईट झालं.' आणि जाऊन जेवतील. पुढच्या वर्षी कोणाचंतरी त्यांच्याहून बरं येईल, त्यालाही म्हणतील, मूळ दाखव. हेडविकानं नव्हतं दाखवलं?" तिनं पहार काढून माझ्याकडे दिली. "ने ही. आणि माझ्या घरात ठेवू नकोस. माझा भरवसा नाही."

मी नेली. ती अजून माझ्याकडे आहे.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. माणसं चुकतात, अहंकारानं आंधळी होतात, एवढं मला समजतं. पण जुलैत तुम्ही तिच्या फाटकातून आत आलात. घंटी न वाजवता! तिच्यासाठी सगळ्यांची फाटकं बंद करून, तिच्या उघड्या फाटकातून. खिशात गोळ्यांची रिकामी डबी आणि चिमटा. मी तेव्हा तिची पन्हळ दुरुस्त करत भिंतीला शिडी लावून वर होतो. तुम्ही वर पाहिलं नाहीत.

"हेडविका," तुम्ही अगदी हळू म्हणालात, "बी धरलंय का गं?"

"कशानं?"

"अगं... निळ्यानं."

"चोरीच्या निळ्यानं?"

"ते मंडळाचं झालं. मी खासगीत आलोय."

"म्हणजे मंडळात मी चोर आणि खासगीत माळीण?"

"तू शब्दात धरतेस बघ. बी वाया जाऊ नये एवढंच माझं म्हणणं. आपल्या हवेत टिकलेल्या रोपाचं बी, त्याची किंमत तुला कळत नाही. सगळ्या देशातल्या बागवाल्यांसाठी..."

"आपल्या हवेत टिकलेलं?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, ते वरच्या हवेतलं आहे?"

 मी शिडीवर हातोडी थांबवली. वरून तुमचं टक्कल दिसत होतं आणि ते लाल होत गेलं.

ती आत गेली आणि बशी घेऊन आली. बशीत बी होतं, काळं, चिमूटभर. तिनं ती बशी तुमच्या हाताला लागेल इतकी जवळ धरली. "सगळं देते. एक दाणा ठेवत नाही. पैसे नकोत, पारितोषिक नको. एकच सांगा, वर मेहुणा आहे, त्याला ऐकू जाईल असं सांगा. हे बी पेरलेल्याचं आहे का खणलेल्याचं?"

तेव्हा तुम्ही वर पाहिलंत. मग बशीकडे पाहिलंत. तुमचा चिमट्याचा हात पुढे येत होता, मी पाहिलं, दोनदा आला आणि मागे गेला. लहान पोरगं कुत्र्याच्या ताटाशी करतं तसं.

"हे असं हो-नाहीत सांगण्यासारखं नाही," तुम्ही म्हणालात.

"मग चिमटा खिशात घाला."

तुम्ही गेलात. फाटक उघडं टाकून. तिनं बी परत फटींत दाबलं, सगळं, काडीनं, एकेक. आणि उरलेली पन्हळ मी वाकडी लावली म्हणून मला शिव्या दिल्या.

ज्याला वाटत असेल की रोप खणलेलं आहे, तो त्याचं बी घ्यायला येत नाही, कारण चोरीच्या रोपाचं बी मंडळात घेणं तुमच्याच नियमानं बंद आहे. म्हणजे तुम्हाला माहीत आहे. जुलैत माहीत होतं. मला तर वाटतं अंगठ्यानं दाबलंत त्याच क्षणी माहीत होतं. तरी सहा महिने झाले, विल्माच्या फाटकाला कडी आहे, आणि हेडविका रविवारी माझ्याशी पत्ते खेळते आणि मी मुद्दाम हरतो ते तिला कळतं.

जानेवारीत बैठक आहे, बंबवाल्यांच्या हॉलमधे. बियांचं वाटप असतं म्हणून सगळे येतात. मी हे तिथे उभं राहून वाचणार आहे. नियम काय सांगतात ते मला सांगू नका. उपसमिती नेमू नका. मूळ मागू नका, ते मिळणार नाही. पहार मी बरोबर आणतोय, ती टेबलावर ठेवीन. ज्याला अजून संशय आहे त्यानं ती उचलावी आणि माझ्याबरोबर तिच्या अंगणात यावं. उचलत नसाल तर सगळ्यांसमोर एका शब्दात बोला. पेरलेला का खणलेला? उत्तर द्या.